चाक आवळायचं किती, मोकळं ठेवायचं किती

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूला, दौंड, बारामती, इंदापूरकडे, उसाच्या टायरगाड्या दिसू लागतात. बैलजोडीच्या मागे माणसाच्या डोक्याच्याही वर गेलेली उसाची रास आणि त्या सगळ्या ओझ्याखाली दोनच रबरी चाकं. अशा एखाद्या गाडीचं चाक निखळलं की भोवती जमलेली माणसं एका सुरात सांगतात, ‘नट नीट आवळला नसणार.’ हे निदान कधी बरोबर असतं, पण पुष्कळदा ते नेमकं उलटं असतं. नट जास्त आवळला तरीही चाक जातं. फक्त जरा उशिरा जातं, आणि जाताना बेअरिंग, हब, आस असं सगळं खराब करून जातं.

घट्ट म्हणजे पक्कं, ही समजूत आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. कपाटाचा स्क्रू असो की पाण्याचा नळ, शेवटचा एक पीळ मारल्याशिवाय आपलं समाधान होत नाही. चाकाच्या बाबतीत ही सवय जिवावर बेतू शकते, आणि ती का बेतते हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. चाकाला आपण एकाच वेळी दोन उलट गोष्टी सांगत असतो: आसावरून सुटू नकोस, आणि आसाला धरूनही बसू नकोस. या दोन्हींच्या मधे जेवढी जागा उरते ती अगदी थोडी असते. ती नेमकी किती असावी आणि रोजच्या धक्क्यांत ती तेवढीच कशी राहावी, यासाठी सुतार, लोहार आणि गाडीवान काही हजार वर्षं डोकं लढवत आले आहेत.

चाक आणि आस जोडण्याचे मुळात दोनच मार्ग. एकात चाक आसाला कायमचं जखडतात आणि आसासकट फिरू देतात. दुसऱ्यात आस गाडीला जखडतात आणि चाक त्याच्याभोवती फिरतं. सिंधमधल्या जुन्या बैलगाड्या पहिल्या प्रकारच्या होत्या. गाडीच्या तळाला लावलेल्या लाकडी खुंट्यांमधे आख्खा आसच फिरायचा आणि त्याचा करकराट लांबून ऐकू यायचा. या रचनेत चाक निसटण्याची भीती कमी, पण वळणावर पंचाईत होते. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर गाडी काटकोनात वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा सुमारे 2.35 मीटर जास्त चालावं लागतं. दोन्ही चाकं एकाच आसाला जखडलेली असली तर दोघांचे फेरे सारखेच होणार, आणि एक ना एक चाक फरफटणार.

रेल्वेने मात्र हाच मार्ग घेतला आणि तो कमालीच्या नेमकेपणाने निभावला. पुणे स्टेशनात उभ्या असलेल्या डब्याखाली नजर टाका. चाक आसावर धरून ठेवणारा नट कुठे दिसणार नाही, खीळ दिसणार नाही. चाकाचं मधलं भोक आसापेक्षा किंचित लहान ठेवतात, मिलिमीटरच्या काही दशांशांनी, आणि हायड्रॉलिक प्रेसवर शंभर टनांच्या आसपास जोर लावून दोन्ही एकमेकांत दाबून बसवतात. ताणलेलं पोलाद मूळ आकारात यायला बघतं आणि त्याच ओढीने आसाला वर्षानुवर्षं धरून राहतं. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. जोडीतल्या दोन चाकांच्या आतल्या तोंडांमधलं अंतर 1600 मिलिमीटर, आणि त्यात सूट किती, तर 1 मिलिमीटर कमी किंवा 2 मिलिमीटर जास्त. हे माप बिघडलं तर गाडीखाली बसून ते जुळवता येत नाही. चाकांची जोडी आसासकट काढून कारखान्यात न्यावी लागते.

वळणाचं उत्तर रेल्वेने चाकाच्या आकारात शोधलं. रुळावर टेकणारा चाकाचा भाग सपाट नसतो. तो बाहेरच्या कडेकडे उतरता असतो, मूळ उतार 20 ला 1. वळणावर जोडी जराशी बाहेर सरकते, बाहेरचं चाक आपल्या मोठ्या घेरावर आणि आतलं लहान घेरावर चालू लागतं, आणि तेवढ्याच फेऱ्यांत बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं. ही कल्पना मला आजही अतिशय सुंदर वाटते. फार तीव्र वळणावर ती अपुरी पडते. 1863 साली सुरू झालेल्या भोर घाटाच्या मार्गावर गाडी वळणं घेत लोणावळ्याकडे चढते, तेव्हा मधेच जो किरकिराट ऐकू येतो तो चाकाची कड रुळाला घासत असल्याचा.

रस्त्यावरच्या गाडीच्या नशिबी असा आखून दिलेला रूळ नाही. तिला दगडधोंड्यांतून, शेताच्या बांधावरून, चिखलातून, वाटेल तसं वळत जायचं असतं. म्हणून बैलगाडी, टांगा, हातगाडी, मोटार या सगळ्यांनी दुसरा मार्ग धरला: आस स्थिर, चाक फिरतं. (मोटारीच्या इंजिनाने फिरणाऱ्या चाकांची गोष्ट थोडी वेगळी आहे, ती इथे बाजूला ठेवू.) आणि या मार्गावर पाऊल टाकलं की फटीचा प्रश्न आलाच.

हा प्रश्न सगळ्यात उघड्या रूपात पाहायचा तर मार्केट यार्डात किंवा भवानी पेठेत मालाच्या हातगाड्यांकडे बघावं. लोखंडी आस, त्यावर चाक, चाकाच्या बाहेर एखाद-दुसरा वायसर, आणि आसाच्या टोकाला आरपार पाडलेल्या भोकात घातलेली खीळ. खिळीचं डोकं वर, टोक खाली, म्हणजे वजनाने ती आपली जागेवर बसून राहते. खालचं टोक वाकवलेलं असतं, नाहीतर त्याला तार गुंडाळलेली असते. बस, एवढंच. यात काही झाकलेलं नाही, म्हणून शिकायला ही रचना सगळ्यात चांगली.

पाचशे-सहाशे किलोचं ओझं एवढीशी खीळ कसं पेलते, असं वाटणं साहजिक आहे. पण ती ते पेलतच नाही. ओझं गाडीच्या साट्यावरून आसात उतरतं, आसाच्या खालच्या अंगाने चाकाच्या मधल्या तुंब्यात (म्हणजे हबमधे), तुंब्यातून आऱ्यांत आणि आऱ्यांतून जमिनीत. खीळ या वाटेवर येतच नाही. तिच्यावर येतो तो फक्त आडवा रेटा, म्हणजे चाक आसावरून बाहेर सरकू बघतं तेवढ्यापुरता. कीर्तनात कथा सांगतात, ऐन युद्धात दशरथाच्या रथाची खीळ निसटली आणि कैकयीने त्या जागी आपला हात घातला. कथा म्हणून ती थोर आहेच, पण यंत्राच्या दृष्टीनेही तिच्यात तथ्य आहे. रथ सरळ, सपाट जमिनीवर धावत असताना त्या जागी येणारा जोर रथाच्या वजनाच्या मानाने थोडा असतो. वळण आलं, एक चाक खड्ड्यात गेलं, गाडी आडव्या उतारावर कलली, की तोच जोर एकदम वाढतो. म्हणून खीळ तुटते ती बहुधा अशा ठिकाणी, आणि गाडीवान म्हणतो, ‘आत्तापर्यंत तर बरी होती.’

वायसर कशाला, हेही इथेच कळतं. चाक फिरतं, खीळ फिरत नाही. तुंब्याचं तोंड थेट खिळीला घासत राहिलं तर खीळ कापली जाईल. मधे वायसर घातला की झीज त्याच्यावर जाते. तो स्वस्त असतो, बदलता येतो, आणि त्याची जाडी हेच फट जुळवण्याचं साधन असतं. चाक आत-बाहेर हलवून पाहायचं. फार सरकत असेल तर एक वायसर वाढवायचा, जड फिरत असेल तर काढायचा. लाकडी चाकाला थोडीबहुत जास्त मोकळीक चालते, किंबहुना लागतेच, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि उन्हाळ्यात आटतं. जुनी बैलगाडी चालताना तुंबा आसाच्या आतल्या खांद्यावर (उंचवट्यावर) आणि बाहेरच्या वायसरवर आलटून पालटून आदळतो, त्याचा एक ठेका असतो. तो ठेका बदलला की जाणत्या गाडीवानाला न उतरता कळतं. आणि वंगणाचं नळकांडं गाडीला टांगलेलं असे ते याच फटीसाठी. फट नसेल तर वंगण आत जाणार कुठे आणि राहणार कुठे?

आडव्या रेट्याचा सगळ्यात बारीक विचार मला इंग्लंड-अमेरिकेतल्या घोड्यांच्या मालगाड्यांत दिसतो. त्यांची चाकं वरवर बघणाऱ्याला वाकडी बसवल्यासारखी वाटतात, पण त्या वाकडेपणात हिशेब आहे. आरे तुंब्यापासून सरळ न निघता किंचित बाहेरच्या अंगाला कललेले असत. घोडा चालताना गाडी डावी-उजवीकडे हेलकावते आणि दर हेलकाव्याला तुंबा बाहेर ढकलला जातो. आरे कललेले असले की तो धक्का ते लांबीच्या दिशेने झेलतात, आडवे मोडत नाहीत. पण आरे कलले म्हणजे ओझ्याखालचा, जमिनीकडचा आराही कलणार, आणि लाकूड उभं असताना जेवढं पेलतं तेवढं तिरपं असताना पेलत नाही. म्हणून आसाची टोकं किंचित खाली वाकवत. त्यामुळे चाकं वरच्या बाजूला एकमेकांपासून लांब आणि जमिनीजवळ एकमेकांकडे येत, आणि जमिनीकडचा आरा बरोबर ओळंब्यात उभा राही.

आता आस खाली वाकवला की चाक त्या उतारावर एका अंगाला सरकू बघणार. त्यावरचा तोडगा असा की आसाचं टोक निमुळतं करायचं, आणि निमुळतेपणा इतका ठेवायचा की वरची रेघ उतरती असली तरी खालची रेघ जमिनीला समांतर राहील. ओझं तुंब्यात उतरतं ते आसाच्या खालच्या रेघेवरून. ती रेघ समांतर असली की चाकाला एका अंगाला सरकायला कारणच उरत नाही. ही रेघ कलती राहिली तर चाक सतत बाहेरच्या नटाला किंवा आतल्या खांद्याला घासत राहतं. थोडं चालवून तुंब्याला हात लावला की कुठलं अंग जास्त गरम आहे त्यावरून चूक ओळखता येते. निमुळत्या आसाचा आणखी एक फायदा झीज झाल्यावर मिळतो. चाक थोडं आत सरकवलं की आस आणि तुंब्यातली फट पुन्हा कमी होते. त्यासाठी आतला चामडी वायसर काढायचा आणि बाहेर एक वाढवायचा. एका चामड्याच्या चकतीत चाकाचं आयुष्य वाढतं.

खिळीच्या जागी नट आला तेव्हा जुळवणी सोपी झाली, कारण नट हवा तेवढा पुढे-मागे करता येतो. पण नट स्वतःच फिरतो, ही त्याची अडचण. गाडीच्या डाव्या बाजूला, चाकाकडे तोंड करून उभे राहा. गाडी पुढे निघाली की हे चाक घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरताना दिसेल. तुंब्याचं तोंड नटाला घासतं आणि नटालाही त्याच दिशेला ओढतं. नेहमीच्या आट्यांचा नट काट्यांच्या उलट फिरवला की सुटतो. म्हणजे डावं चाक प्रत्येक फेऱ्याला आपला नट थोडा थोडा सोडवत राहणार. म्हणून डाव्या बाजूच्या आसाला उलटे आटे पाडतात. मग तीच ओढ नट सोडवण्याऐवजी आवळते. उजव्या बाजूला नेहमीचे सुलटे आटे बरोबर काम करतात. जुन्या मालट्रकांत चाकाच्या नटांनाही डाव्या बाजूला उलटे आटे असत. ते माहीत नसलेला माणूस पान्यावर उभा राहून नट सोडवत बसे, आणि नट मात्र आणखी आवळत जाई.

इथे एक गमतीदार कोडं आहे, आणि सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्यात ते घरोघरी तपासता येईल. सायकलच्या डाव्या पॅडललाही उलटे आटे असतात. वाचणारा म्हणेल, कारण तेच असणार. पण तसं नाही. क्रँक (ज्याच्या टोकाला पॅडल बसतं तो हात) फिरताना पाय पॅडलला आडवंच धरून ठेवतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने पॅडल उलट दिशेला फिरत असतं. घासण्याचाच न्याय लावला तर डाव्या पॅडलला सुलटे आटे हवेत! मग उलटे का? पॅडलचा दांडा क्रँकच्या भोकात कितीही आवळला तरी त्यात अतिसूक्ष्म फट असते, आणि पायाचा जोर दर फेऱ्यात त्या भोकाच्या सगळ्या बाजूंनी फिरून येतो. जोर एका दिशेने फिरत गेला की दांडा त्या फटीत लोळत उलट दिशेला सरकतो. खात्री करायची तर हाताची मूठ सैल करून त्यात पेन्सिल धरा आणि दुसऱ्या हाताने तिचं वरचं टोक मुठीच्या कडेने गोल फिरवा. टोक एका दिशेला फिरतं आणि पेन्सिल स्वतःभोवती दुसऱ्या दिशेला. पॅडलमधे हे लोळणं घासण्यावर मात करतं. गाडीच्या तुंब्याजवळ चित्र वेगळं, तिथे नटाच्या तोंडावरची घासणी जिंकते. दोन्हीकडे डाव्या बाजूला उलटे आटे, पण कारणं निरनिराळी. यंत्र समजून घ्यायचं तर उत्तर जुळलं म्हणून थांबू नये, कारणापर्यंत जावं, ते यासाठी.

उलट्या आट्यांवरही सगळा भार टाकायला कारागीर तयार नव्हते. गाडी मागेही घ्यावी लागते, आणि तेव्हा सगळी गणितं फिरतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधे जॉन कॉलिंज याने केलेल्या आसात एकाच टोकावर दोन नट होते, एक सुलट्या आट्यांचा आणि त्याच्या बाहेर दुसरा उलट्या आट्यांचा. एक सुटू लागला की तो दुसऱ्याला आवळतो. त्याच्याही बाहेर खीळ, आणि सगळ्यावर तेल साठवणारी पितळी टोपी. त्याच काळातल्या टपालगाड्यांच्या आसाने तर नटाचा विषयच बाजूला ठेवला. आसाला आतल्या बाजूला एक गोल खांदा होता, त्या खांद्याच्या मागे एक चकती, आणि ती चकती तुंब्यातून आरपार गेलेल्या तीन लांब बोल्टांनी चाकाला बांधलेली. चाक मागून धरलेलं असल्यामुळे आसाच्या टोकाला काहीही झालं तरी ते निसटत नसे. रात्री भरधाव धावणाऱ्या गाडीत माणसं बसलेली असताना हा विचार किती मोलाचा होता, ते सांगायला नको.

आजची टायरगाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली आणि मालट्रक पाहिला तर निमुळतेपणा, बाहेरचा नट आणि मधली फट हे तिन्ही तसेच आहेत. घासणाऱ्या पृष्ठभागांच्या जागी रोलर आले, एवढाच फरक. निमुळत्या रोलरचं बेअरिंग ज्याने आणलं तो हेन्री टिमकेन सेंट लुईसमधला घोडागाड्या बांधणारा होता, आणि त्याचं पेटंट 1898 सालचं. नुसत्या गोल छऱ्यांचं साधं बेअरिंग वरून येणारं ओझं छान पेलतं, पण वळणावर बाजूने येणाऱ्या मोठ्या रेट्याला कमी पडतं. रोलर निमुळते करून तिरपे बसवले की ते दोन्ही जोर घेतात. प्रत्येक हबमधे अशी दोन बेअरिंग एकमेकांकडे तोंड करून बसवतात, आतलं मोठं, बाहेरचं लहान. आणि दोघांमधली मोकळीक ठरवतो तो टोकाचा एकच नट.

या नटाची जुळवणी मी नेहमी थांबून बघतो. चांगला कारागीर आधी चाक जॅकवर उचलतो, टोपी काढतो, जुनी स्प्लिट पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली, टोकं फाकवलेली पिन) काढून टाकतो. मग एका हाताने चाक फिरवत ठेवतो आणि दुसऱ्या हाताने पाना ओढत जातो. चाक फिरतं ठेवणं फार महत्त्वाचं आहे. स्थिर चाकावर नट आवळला तर रोलर आडवेतिडवे अडकून राहतात, नट घट्ट लागतो, आणि चार पावलं गेल्यावर रोलर जागेवर बसून तोच नट ढिला होतो. चाक जड फिरू लागलं की तो थांबतो. इथपर्यंत सगळे सारखंच करतात. हात कुणाचा आहे ते कळतं यापुढे, कारण आता आवळलेला नट मागे सोडायचा असतो.

किती मागे, ते आकड्यांत पाहू. या नटाच्या तोंडाला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतात, बहुधा सहा. आसाला एक आरपार भोक असतं. खाच आणि भोक एका रेषेत आले की त्यातून स्प्लिट पिन घालायची. आटे 1.5 मिलिमीटरचे असतील, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात नट 1.5 मिलिमीटर सरकत असेल, तर एका खाचेला 0.25 मिलिमीटर. आणि मालट्रकाच्या चाकाच्या बेअरिंगला मोकळीक सांगितलेली असते साधारण 0.025 ते 0.125 मिलिमीटर. म्हणजे एक पूर्ण खाच ही जास्तीत जास्त मोकळिकीच्याही दुप्पट भरते. म्हणून काही आसांना काटकोनात दोन भोकं पाडतात, त्यामुळे अर्ध्या खाचेने जुळवता येतं. मोठ्या ट्रकांत जुळवणीचा एक नट आणि त्याला अडवणारा दुसरा नट असे दोन वेगळे असतात. मूळ प्रश्न तोच, झेरॉक्सच्या कागदाच्या जाडीएवढी फट धरून ठेवायची.

नट आणि बेअरिंग यांच्या मधला वायसरही नीट पाहण्यासारखा आहे. त्याला आतल्या कडेला एक छोटी जीभ असते आणि आसावर तिच्यासाठी खोबण. जीभ खोबणीत बसली की वायसर फिरूच शकत नाही, आणि बेअरिंगची ओढ नटापर्यंत पोहोचत नाही. डाव्या-उजव्या आट्यांनी सोडवलेला तोच जुना प्रश्न, या जिभेने दुसऱ्या तऱ्हेने सोडवला. जीभ झिजून गेलेला वायसर ‘चालतंय की’ म्हणून परत बसवतात तेव्हा ही सगळी हुशारी पाण्यात जाते.

फट कमी पडली तर काय होतं? रोलर दाबले जातात, ग्रीसचा पापुद्रा पिळून निघतो, धातू धातूला घासून गरम होतो. गरम झाला की फुगतो, फुगला की उरलीसुरली फट भरते, आणि मग आणखी गरम होतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. ग्रीस पातळ होऊन वाहून जातं, रोलरची जाळी तुटते, आणि शेवटी बेअरिंग आसावरच वितळल्यासारखं चिकटतं किंवा नट-पिनेसकट सगळं उखडून चाक मोकळं होतं. फट जास्त झाली तर नुकसान सावकाश होतं. ओझं मोजक्या रोलरवर पडतं, चाक लटपटतं, सील फाटून धूळ आत जाते. दोन्ही वाईट, पण थोडं सैल चाक हलून, वाजून सूचना देतं. आवळलेलं चाक सुरुवातीला अगदी छान, गुपचूप चालतं. म्हणून मला आवळलेल्या चाकाचीच भीती जास्त वाटते.

ती सूचना ओळखण्याची रीत सोपी आहे. चाक उचलून टायरला एक हात वर, एक हात खाली धरून आत-बाहेर हलवायचं. हबमधली बारीकशी फट टायरच्या कडेला कित्येक पटींनी मोठी होऊन हाताला लागते. पुढच्या चाकाला प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबून धरायला सांगावं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर तो बेअरिंगचा होता, राहिला तर किंगपिनचा (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचा) किंवा सांध्यांचा. आणि आठ-दहा किलोमीटर चालवून आल्यावर, ब्रेक फारसा न वापरता, चारही हबना जपून हात लावायचा. कोमट असणं ठीक, पण एकच हब बाकीच्यांपेक्षा चटका देण्याइतका गरम असेल तर गाडी पुढे नेऊ नये. रेल्वेतही हेच करतात. गाडी स्टेशनात शिरताना कर्मचारी रुळांच्या कडेला उभे राहून प्रत्येक चाकाकडे बघतात, आवाज ऐकतात, आणि गाडी थांबल्यावर आसाच्या पेट्यांचं तापमान तपासतात. तिथे चाक आसाला जखडलेलं असलं तरी आस स्वतः बेअरिंगमधेच फिरतो, त्यामुळे उष्णतेचा धोका तिथेही आहेच.

ग्रीस ठासून भरू नये. रोलरच्या मधे ते नीट दाबून भरावं, हबमधे मात्र जागा ठेवावी, कारण जादा ग्रीस घुसळलं जाऊन स्वतःच गरम होतं.

एक घोटाळा मात्र शेवटी स्पष्ट करायला हवा, कारण त्यातून अपघात होतात. बेअरिंगचा हा मधला नट आणि चाकाची डिस्क हबला धरणारे भोवतीचे चार-पाच किंवा आठ-दहा नट, यांचे नियम एकमेकांच्या उलट आहेत. मधला नट मोकळीक ठेवून लावायचा. भोवतीच्या नटांत मोकळीक अजिबात चालत नाही. तिथे डिस्क आणि हब एकमेकांवर इतके दाबलेले हवेत की त्यांच्यातल्या घर्षणानेच चाक धरलं जावं. ते घर्षण कमी पडलं की डिस्क स्टडवर (हे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांवर) आपटू लागते, भोकं लांबट होतात आणि स्टड एकामागून एक तुटतात. पण म्हणून पान्यावर उड्या मारायच्या, हेही बरोबर नाही. साध्या मोटारीला नटामागे साधारण 100 ते 120 न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 40 ते 50 किलो जोर. त्याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावला तर स्टड कायमचा ताणला जातो, आणि ताणलेल्या स्टडमधे पकड उरत नाही.

नट एकाशेजारी एक न आवळता समोरासमोरचे घ्यावेत, म्हणजे डिस्क सगळीकडून सारखी बसते. हबच्या तोंडावरचा गंज, रंगाचे पोपडे, माती आधी तारेच्या ब्रशने काढावी, नाहीतर पहिल्या काही किलोमीटरमधे ती मधली घाण दबते आणि बरोबर आवळलेले नटही ढिले होतात. चाक बदललं की 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायला सांगतात ते त्यासाठीच. काही बसच्या आणि ट्रकच्या चाकांवर नटांना पिवळे-नारिंगी प्लास्टिकचे बाण लावलेले दिसतात. शेजारशेजारच्या नटांचे बाण एकमेकांकडे टोक करून बसवतात. एखादा नट फिरला की त्याचा बाण ओळीबाहेर जातो, आणि पाना न लावता, नुसत्या नजरेने कळतं की कुठला नट सुटायला लागला आहे.